एक सिरका, दोन साखर

बस, इंगेला. पंख्याखाली नको,
इथं चटईवर ऊन आलंय, तिथं.
तुझ्या बापाला ऊन दिसलं की
हातातला पाना खाली ठेवून
डेकवर उभा राहायचा, तोंड वर करून, डोळे मिटून.
कॅप्टनसुद्धा त्याला हाक मारायचा नाही.

मुंबईत काय खाऊ, असं विचारलंस.
ते खालचा हॉटेलवाला सांगेल.
मी तुला तुझंच खायला घालणार आहे.

तारली भाऊच्या धक्क्यावरची, पहाटेची.
तुमचा तो मासा आमच्या पाण्यात येत नाही,
ही त्याची चुलत बहीण, गरिबाघरची.
दोन रात्री मिठात ठेवली. मग
एक वाटी सिरका, दोन वाटी साखर, तीन वाटी पाणी,
कांदा, गाजर, कबाबचिनी, तमालपत्र.
कोळीण म्हणाली, चाचा, साखरेत मासा?
कुठली बाधा झाली तुम्हाला?
मी म्हटलं, अकरा वर्षांची आहे बाई, उतरत नाही.
इथला सिरका मवाळ, म्हणून पाणी अडीचच घातलं.
लेन्नार्ट असता तर पहिल्या घासाला ओळखलं असतं.

तुझ्या घरी बरणी दुकानातून येते म्हणालीस.
येऊ दे. बरणीचा काय दोष.

बटाटे सालीसकट उकडलेत, वर शेपू.
हो, शेपू.
माझा नातू ताटातून काडी काडी वेचून कडेला लावतो,
आणि तुमच्याकडे हिच्यावाचून सणाचं पान हलत नाही.
गोथेनबर्गच्या बंदरात पहिल्यांदा हा वास आला
तेव्हा वाटलं, बुरोंडीहून आई आली
आणि धक्क्यावर कुणाची तरी चूल मागून बसली.

ती भोकाभोकांची कडक भाकरी मला कधी साधली नाही.
ही नाचणीची आहे, तव्यावर विसरलेली.
दात सांभाळून.

गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं सूप.
शेजारचे सावे गुरुवारी मासळीला शिवत नाहीत, दत्ताचा वार.
तुमचा गुरुवार डुकराचा.
मांस पडायच्या आधी मी पळीभर काढून चाखायचो,
पुढचं मीठ वासावर.
आणि ती नितळ दारू, शहाजिऱ्याच्या दर्पाची,
जी घ्यायच्या आधी तुम्ही बसल्या जागी गाणी म्हणता,
शेकडो पेले भरले असतील,
एक थेंब न सांडता, एक थेंब न घेता.
अजून डोळे मिटून सांगेन, कुठला पेला पुरेसा गार नाही.

तर तुझा देश मला असा माहीत आहे,
थोडा जिभेवर, बाकी नाकात.

नाही, आणखी एक आहे.
मेसमधून बशी परत यायची, तिच्यात
एक तुकडा राहिलेला असायचा. रोज. एकच.
मी मनात खट्टू. म्हटलं, हाताला चव नाही आपल्या.
मग एका रात्री तुझा बाप गॅलीत आला, म्हणाला,
शमसू, शेवटचा आमच्यात कुणी उचलत नाही.
नको असतो म्हणून नाही,
सगळ्यांनाच हवा असतो म्हणून.

तो मी खायचो. उभ्यानं, ओट्याला टेकून.
अकरा वर्षं.

आता बघ, माणसं दोन आणि बशीत तारली एक.
घे ना.
तुम्ही घ्या, म्हणतेस.
सुरीनं अर्धी करतेस, अर्धी ठेवतेस.
त्या अर्धीची मी अर्धी करतो.
त्या पावाची तू पुन्हा.
ऊन चटईवरून उठून कपाटाला टेकलं,
गोदीचा भोंगा झाला,
नातू दारातून म्हणाला, हे काय चाललंय दोघांचं?

बशीत कांद्याची चकती
आणि नखाएवढी चांदी.

कॉफी टाकतो.
वेलचीच्या पावाचं पीठ अजून फुगलेलं नाही,
तेव्हा उद्या ये.